रक्तातला पाहुणा

कुमरेबाई सकाळी शाळेत आल्या की आधी सही करत, मग पाण्याचा ग्लास भरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि रात्री झोपेत कुठे जाऊन आल्या ते सांगत. इतर लोक स्वप्न पडलं म्हणतात. बाई म्हणत, "काल मी नदीच्या तिकडल्या बाजूले गेली होती." आमच्या शिक्षक-खोलीत नवा आलेला माणूस दोन-तीन दिवस चक्रावून जायचा. बाई काल संध्याकाळी पाच वाजता आपल्यासमोर घरी गेल्या, आता साडेदहाला आल्यात, मग मधल्या वेळात त्या नदी ओलांडून कशा गेल्या, असा हिशोब तो मनाशी मांडत बसायचा. मीही बसलो होतो. मी चंद्रपूर शहरातला, मराठी शिकवणारा आणि स्वभावाने उतावळा माणूस. गोंडपिपरीकडच्या त्या शाळेत बदली झाली तेव्हा इथे आपलं कसं व्हायचं असं वाटून तोंड वाकडं करूनच रुजू झालो होतो. बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती मला मिळाली, आणि हळूहळू माझं वाकडं तोंड सरळ झालं.

बाई भूगोल शिकवत. अंगाने किरकोळ, रंगाने सावळ्या, केसांत मधोमध पांढरी रेघ, आणि डोळे असे की तुमच्याकडे पाहताना तुमच्या मागचंही काही पाहताहेत असं वाटावं. नाव रुकमा, पण ते फक्त त्यांचे यजमान शामरावभाऊ घेत, तेही घरात. मधल्या सुट्टीत बाई चपला काढून मैदानाला एक संथ फेरी घालत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "जमीन कशी हाय ते पाहून येते." पत्ता सांगताना डावं-उजवं त्यांना कधी जमलं नाही. "ते मोठं बेहड्याचं झाड हाय न, त्याच्या सावलीनं जा," असं सांगायच्या. झाड तोडून वर्षं झालेली असली तरी सांगायच्या. गंमत म्हणजे लोक बरोबर पोचत.

आणि त्यांना घाई नव्हती. तुम्ही काहीही विचारा, निकालाचं, बदलीचं, लग्नकार्याचं, पहिलं उत्तर ठरलेलं: "पाहू न, काय घाई हाय." मी त्यांना चिडवायचो, "बाई, शाळेला आग लागली तरी तुम्ही असंच म्हणाल." त्यावर त्या जरा विचार करून म्हणाल्या, "पहिले लेकरं बाहेर काढीन. मंग म्हणीन."

त्यांच्या तासाची एक गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. पाचवीच्या मुलांना नकाशा शिकवण्याआधी त्या त्यांना डोळे मिटून बसवत आणि घरापासून शाळेपर्यंत मनातल्या मनात चालत यायला सांगत. वाटेत काय काय लागलं, ऊन कुठल्या गालावर होतं, चढ कुठे आला, ते पोचल्यावर सांगायचं. एकदा असा तास चालू असताना वरचे साहेब तपासणीला आले. सबंध वर्ग डोळे मिटून बसलेला, शिक्षिकासुद्धा, आणि फळा कोरा. साहेब दारात खाकरले. बाईंनी एक डोळा उघडून ओठावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जरासे थांबा साहेब. दोन पोट्टे अजून नाल्यातच हायत." आता बाईंची काही खैर नाही असं समजून मी शेजारच्या वर्गातून धावत आलो, तर साहेब शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले. त्यांनी नंतर शेऱ्यात काय लिहिलं ते बाईंनी वाचलंच नाही.

बाईंचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात. धाकटा भाऊ लालसू गावचा गायता, म्हणजे देवाचं करणारा. बाईंनी शहरात राहून डी.एड. केलं, लग्न होऊन इकडे आल्या, मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकल्या, पण माहेरची एक रीत त्यांनी कधी सोडली नाही. गावात आंब्याचा पंडुम होईपर्यंत नवा आंबा तोंडात घालायचा नाही. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. झाडावरच्या आंब्यात कोय धरली की गायता दिवस ठरवतो, पहिलं फळ देवाला आणि पूर्वजांना जातं, मग गाव खातं. त्याआधी कैरी चिरायचीसुद्धा नाही.

एका चैत्रात आमच्या मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ होता. कैरीचं पन्हं केलं होतं. सगळ्यांनी ग्लास उचलले, बाईंनी आपला अलगद खाली ठेवला. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. शेवटच्या दिवशी आपल्याच हाताखालच्या बाईंनी आपलं पन्हं नाकारलं म्हणजे काय. खेळाचे सर मध्ये पडले. म्हणाले, "बाई, ह्या तुमच्या गावच्या कैऱ्या नाहीच न. हे तर बाजारातून आणलं." बाई म्हणाल्या, "आंबा तर आंबाच हाय न सर. आमच्या झाडाले अजून विचारलं नाई." मग त्यांनी मुख्याध्यापकांच्या दोन्ही पायांना हात लावून नमस्कार केला आणि ग्लासभर साधं पाणी त्यांच्यासमोर उभ्याने प्यायल्या. ते इतक्या आदराने प्यायल्या की पन्हं पिणारे आम्हीच ओशाळलो.

आजाराची सुरुवात कमरेपासून झाली. बाई खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेऊ लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. त्या म्हणाल्या, झोपेत फार लांब चालणं होतं आहे. मग एक दिवस नुसत्या खोकल्याने त्यांची बरगडी मोडली. शामरावभाऊंनी आधी चंद्रपूर, मग नागपूर गाठलं, आणि पंधरवड्याने एक शब्द घेऊन आले: मायलोमा. हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर. शामरावभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेले, बोलका माणूस, वाघ समोर आल्याची हकीकतही रंगवून सांगणारा. पण हा शब्द त्यांनी दोनदा नुसता उच्चारला.

समजावून सांगितलं ते बाईंनीच. शिक्षक-खोलीत, खिडकीजवळ, नेहमीच्या आवाजात. हाडाच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात. त्यातल्या एका जातीच्या पेशी रोगांशी लढायला नाना प्रकारची प्रथिनं बनवतात. त्या जातीतली एकच पेशी माजली, तिचीच पिलावळ झाली, आणि ती सगळी मिळून एकच बिनकामाचं प्रथिन रक्तात ओतते आहे. तपासणीच्या कागदावर त्याचा पट्टा उमटतो. "औषध देऊन त्याले दाबतील," त्या म्हणाल्या, "अन् मंग रोवणा करतील."

रोवणा म्हणजे आमच्याकडे धानाची लावणी: पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या खाचरात, लावायची. डॉक्टर त्याला मूळपेशींचं प्रत्यारोपण म्हणत होते. बाईंनी हातवारे करून सांगितलं, "माह्येच पऱ्हे माह्यातूनच काढून ठेवतील. मंग बांधी पार साफ करतील, काही म्हणजे काही नाई ठेवणार. अन् तेच पऱ्हे परत रोवतील." आम्ही माना डोलावल्या. खेळाचे सर बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिले.

दसऱ्यानंतर नागपुरात तो रोवणा झाला. बाईंना काचेच्या पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. कुणी आत जायचं नाही, फुलं नाहीत, घरचं अन्न नाही. जबर औषध देताना तोंड भाजू नये म्हणून त्यांना बर्फ चघळायला देत. गोठवून ठेवलेल्या पेशी सलाईनमधून परत सोडल्या तेव्हा खोलीभर उकडलेल्या मक्यासारखा वास सुटला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. ते सांगताना त्यांना फार आनंद झाल्यासारखा वाटला.

फोन रोज दुपारी यायचा. तब्येतीविषयी विचारलं तर त्या भलतंच सांगायच्या. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पाचवीचा तास स्वतःवरच लावला होता. डोळे मिटून त्या माहेरच्या घरातून निघत आणि जंगलात लालसूच्या शेताकडे चालत. "आज मोठ्या सागापाशी पोचली," एकदा म्हणाल्या. "आज वारुळापाशी बसली, पाय दुखून राह्यले होते." आवाज लांबून, पानांतून आल्यासारखा यायचा. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ मलाही सागाचं जंगल दिसायचं. माझ्यासारख्या माणसाला दिसायचं, हे मी आवर्जून सांगतो.

मग एक दिवस म्हणाल्या, "नाल्याले लई पाणी हाय. अल्याडच थांबली." दुसऱ्या दिवशीही त्या अल्याडच होत्या. तिसऱ्या दिवशी फोनच आला नाही. शामरावभाऊंकडून नंतर कळलं की त्या दिवसांत पांढऱ्या पेशी अगदी संपल्या होत्या आणि ताप उतरत नव्हता. आठवडा गेला असेल. वर्गावर जायला निघालो आणि फोन वाजला. "सर, उतरला नाला," बाई म्हणाल्या. "चिखल हाय पण जाता येते." मी त्या दिवशी सातवीला काय शिकवलं ते आठवत नाही.

संक्रांतीच्या सुमारास तपासणी झाली तेव्हा तो जुना पट्टा कागदावरून पुसला गेला होता. बाई डोक्याला रुमाल बांधून, तोंडाला मास्क लावून शाळेत पुन्हा येऊ लागल्या. आम्ही सगळे नव्या सुनेभोवती जमावं तसे त्यांच्याभोवती जमायचो. पळस फुलला, मोहाचा वास गावात उतरू लागला, दुपारी कुसुमाची कोवळी पानं लाल दिसू लागली. सगळं मार्गी लागलं असं मला वाटत होतं.

मार्चमध्ये नेहमीची तपासणी होती. रक्त चंद्रपूरला दिलं. शामरावभाऊंच्या फोनवर अहवाल आला आणि त्यात लिहिलं होतं की पट्टा आढळला.

शामरावभाऊंनी तो फोन माझ्या हातात दिला. रोग परतला तर दुसरा रोवणा बाईंना झेपेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यातूनच त्या कशाबशा बाहेर आल्या होत्या. मी म्हटलं, आजच निघा नागपूरला. बाईंनी फोन घेतला, त्या बारीक अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं आणि परत दिला. "रामनवमीनंतरची तारीख हाय न डॉक्टरबाईची. पाहू न, काय घाई हाय." मला त्यांचा तेव्हा खरंच राग आला. माणसाने किती शांत असावं याला काही मर्यादा हवी. पण त्या दुपारी मैदानाला फेरी घालताना त्या मध्येच थांबल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी. तेव्हा मला कळलं की बाई घाबरल्या आहेत.

शामरावभाऊंना राहवलं नाही. त्यांनी मेहुण्याला कळवलं. दोन दिवसांनी लालसूचं बोलावणं आलं: आंब्याचा पंडुम आहे, बाईला घेऊन या. मी गाडी काढली. गडचिरोली मागे पडलं, धानोरा मागे पडलं, मग नुसतं जंगल. पानगळ झालेल्या झाडांमधून ऊन थेट जमिनीपर्यंत येत होतं आणि मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या दिसत होत्या. बाई मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. मध्येच म्हणाल्या, "यंदा लवकर आला पंडुम." शामरावभाऊ बाहेर पाहू लागले.

गावाच्या वेशीबाहेर आंब्याची जुनी झाडं होती. तिथे सगळा गाव जमला होता. जोहार झाले. लालसू बाईंहून दहा वर्षांनी लहान, पण केस त्याचेच जास्त पिकलेले. पूजा झाली. देवाचा वाटा निघाला. मग त्याने पानाच्या द्रोणात कैरीचे तुकडे घालून पहिला द्रोण बहिणीपुढे धरला. बाईंनी एक तुकडा उचलून उलटून पाहिला. विळा त्या कैरीतून सरळ पार गेला होता. आत कोय नव्हतीच, तिच्या जागी नुसती ओली पांढरी पापडी होती.

बाईंनी वर झाडाकडे पाहिलं. बोराएवढ्या कैऱ्या लोंबत होत्या. मग भावाकडे पाहिलं. माझ्यासाठी असेल किंवा नवऱ्याने ऐकावं म्हणून असेल, पण त्या गोंडीत न बोलता मराठीत बोलल्या.

"कोय नाई धरली अजून. काऊन केला रे आज?"

"देव हो म्हणला, बाई," लालसू म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

"देवाले कोणी सांगतलं?"

लालसूने शामरावभाऊंकडे पाहिलं. शामरावभाऊंनी मान खाली घातली. एवढं पुरे होतं. सगळ्या गावाने मिळून, बहिणीला यंदाचा आंबा चाखायला मिळावा म्हणून, झाडाच्या आधी सण उरकला होता. पुढच्या पंडुमाला ती असेल की नाही याचा कुणाला भरवसा नव्हता.

"म्हणजे मी चालली, असं ठरलं गावात," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. एक म्हातारी पदराने डोळे पुसू लागली.

बाई झाडाच्या मुळीवर बसल्या आणि द्रोण मांडीवर घेतला. "तुमी खा," त्या म्हणाल्या. "तुमचा पंडुम झाला. मी कोय धरल्यावर खाईन."

"पंडुम एकदाच होते, बाई."

"मंग तवापर्यंत उपाशी राहीन आंब्याची. माह्यासाठी झाडाले घाई नको करू, लालसू. मले नाई आवडत."

वाऱ्याने वाळकी पानं सरकत होती. मग त्या म्हातारीने आपल्या हातातला, वाटपात मिळालेला पण अजून न खाल्लेला तुकडा कैऱ्यांच्या टोपलीत परत टाकला. तिच्या शेजारणीनेही टाकला. हळूहळू सगळ्यांनी टाकला. लालसू उभा राहून ते पाहत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गायत्याने सबंध गावासमोर केलेलं असं परत कसं घ्यायचं, हा पेच माझ्यासारख्या परक्यालाही कळत होता. शेवटी त्याने टोपली उचलली, सगळ्या कैऱ्या झाडाच्या बुंध्याशी ओतल्या आणि गोंडीत काहीतरी मोठ्याने सांगितलं. शामरावभाऊंनी माझ्या कानात सांगितलं, "म्हणते, आज फक्त झाडाची पाहणी झाली. पंडुम नंतर." म्हातारे मान डोलावून हो हो म्हणाले. देवाला दिलेलं कोंबडं मात्र परत करता येण्यासारखं नव्हतं, ते शिजलं आणि आम्ही सगळ्यांनी खाल्लं. बाईंनी भात दोनदा घेतला.

रामनवमीनंतर नागपूरला मीही गेलो. शामरावभाऊंना एकट्याने हे झेपणार नव्हतं. डॉक्टरबाई चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी तिथे पुन्हा रक्त घेतलं, जास्त बारीक तपासणी लावली आणि चार-पाच दिवसांनी परत बोलावलं. मधले दिवस आम्ही शामरावभाऊंच्या एका नातलगाकडे काढले. बाई गच्चीवर बसून शहर पाहायच्या. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "सर, यावेळी डोळे मिटले तर वाट दिसून नाई राह्यली." मी शेजारी बसून राहिलो.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा तुमचा आजारपणातला पट्टा आणि हा आत्ताचा," त्या म्हणाल्या. "हे दोन वेगळे आहेत. जुनं प्रथिन एका जातीचं होतं, नवं दुसऱ्या जातीचं आहे. जुनं कुठेच सापडलं नाही."

शामरावभाऊंनी विचारलं, "म्हणजे दुसरा कॅन्सर?"

"नाही. प्रत्यारोपणानंतर काहींच्या रक्तात असे नवे पट्टे दिसतात. प्रतिकारशक्ती नव्याने उगवत असते. सुरुवातीला थोड्याच पेशी उठतात आणि त्याच जोरात काम करतात, म्हणून त्यांचं प्रथिन वेगळं उठून दिसतं. चंद्रपूरच्या साध्या तपासणीत पट्टा आहे एवढंच कळतं, कोणत्या जातीचा ते कळत नाही. बाकीच्या पेशी आल्या की हा आपोआप जातो."

"पऱ्ह्यात गवत आल्यावानी?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गवत नाही. पीकच आहे, पण सध्या एकाच कोपऱ्यात दाटलंय. खरं सांगू का, ज्यांना असे पट्टे येतात त्यांचं पुढे बरेचदा चांगलं चालतं. हमी देत नाही मी. तपासण्या चालूच ठेवायच्या. पण आज मला हा कागद पाहून बरं वाटलं."

बाईंनी तो कागद जवळ ओढला आणि त्या काळसर पट्ट्यावरून बोट फिरवलं, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. "पाहुणा हाय," त्या म्हणाल्या. "आम्ही चोर समजून राह्यलो होतो." शामरावभाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसून मोकळेपणाने रडले. मीही लाज न बाळगता रडलो. बाई आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या राहून पिशवीत पाण्याची बाटली शोधत होत्या.

त्या वर्षीचा खरा पंडुम मला पाहायला मिळाला नाही, परीक्षा होत्या. लालसूने कोय धरल्याचा निरोप पाठवला, बाई गेल्या, आणि आल्या त्या दात आंबवूनच. पाहुणा मात्र पुढे सहा-सात महिने राहिला. दर तपासणीला बाई त्याची विचारपूस करत. "बारीक झाला म्हणते," असं काळजीने सांगत. दिवाळीनंतरच्या अहवालात तो नव्हता. शामरावभाऊंनी पेढे वाटले. बाई पेढा हातात धरून खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "सांगून तरी जायचं न." त्या दिवशी त्या जरा उदास होत्या, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी चिमूरला बदली झाली. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नवरा-बायको दोघं बाईंच्या माहेरच्या गावी राहायला जायच्या तयारीत होती. निरोप घ्यायला घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, आरोग्य केंद्रात पाहा, आज बुधवार आहे. बुधवारी लहान लेकरांना लस देतात. मला काही उलगडेना, पण गेलो.

केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर ओळीने आया बसल्या होत्या, मांडीवर तान्ही पोरं, काही रडून लाल झालेली, काही झोपलेली. त्यांच्यामध्ये कुमरेबाई बसल्या होत्या. डोक्यावर रुमाल नव्हता. नवे केस आले होते, कुरळे, काळेभोर, मधली पांढरी रेघ नसलेले. त्यांची दोन बोटं शेजारच्या पोराने मुठीत धरून ठेवली होती आणि बाई ती सोडवून घेत नव्हत्या. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

"हे काय, बाई?"

"रोवण्यात जुनं सगळं पुसलं गेलं न सर," त्या म्हणाल्या. "लहानपणच्या लसीसुद्धा. शरीराले आता काहीच आठवत नाई. डॉक्टरबाई म्हणते, सगळ्या लसी पहिल्यापासून घ्या." शामरावभाऊ चंद्रपूरहून बर्फाच्या डब्यातून लस घेऊन आले होते आणि तो डबा मांडीवर सांभाळत पलीकडे बसले होते.

आतून नर्स आली. नवीन असावी. ओळीकडे न पाहताच तिने विचारलं, "पुढचं कोण? बाळाचं नाव काय?"

"रुकमा," बाई म्हणाल्या आणि पोराच्या मुठीतून बोटं हळूच काढून घेऊन, दंडावरची बाही वर सारत, आत गेल्या.